झेड वर्गातले गाव

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन वह्या निघतात. एक माझ्या वडीलबंधूंची. तिच्यात कापूस, सोयाबीन, खत आणि वाण्याची उधारी ह्यांचा हिशेब असतो, आणि ती मिटताना दादा दर वर्षी एकच सुस्कारा सोडतात. दुसरी वहिनींची. तिच्यात चकलीच्या भाजणीचे प्रमाण, मागल्या साली शंकरपाळे का बिघडले ह्याचे कारण, आणि कोणाकडे किती डबे द्यावयाचे त्याची यादी असते. ह्या सदराच्या जुन्या वाचकांना ह्या दोन्ही वह्या ठाऊक आहेत. यंदा मात्र तिसरी वही निघाली. ती कागदाची नव्हती. ती आमच्या पुतण्याच्या संगणकावर होती आणि तिचे नाव होते ‘पुणे की आर्णी’.

हा पुतण्या पुण्याच्या एका संगणक-कंपनीत होता. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली. तिच्या आदल्या आठवड्यात तो पाठीवरची एक पिशवी आणि कंपनीचा लॅपटॉप एवढ्या ऐवजानिशी आर्णीला आला. दोन आठवड्यांसाठी म्हणून आला होता; त्याला आता पाच वर्षे उलटून गेली. माडीवर तुरीची पोती ठेवण्याची खोली होती. पोती खाली आली आणि पोरगा वर गेला. पहिले सहा महिने तो गच्चीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून काम करीत असे. कारण मोबाइलची लहर तिथेच लागे. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना वाटे, पोराला बाहेरची बाधा झाली आहे. एकटाच टाकीशी बोलतो, तेही इंग्रजीत!

पुढे कंपन्यांनी आपापली माणसे परत बोलावण्यास सुरुवात केली. ह्याच्याही कंपनीचे बोलावणे आले. पण तोवर गडी घरच्या भाकरीला सरावला होता. त्याने ती नोकरी सोडून दुसरी धरली. तिथे सारे गिऱ्हाईक अमेरिकेचे, आणि कामगार कोठे बसून काम करतो ह्याच्याशी मालकाला कर्तव्य नाही. तेव्हापासून तो पगार पुण्याच्या तोडीचा घेतो आणि भाजी आर्णीच्या बाजारात खातो.

तिसऱ्या वहीचे कारण नातेवाईक. जो येतो तो म्हणतो, ‘काऊन बापा, पुण्याले कवा जातं?’ ह्या लोकांची तोंडे एकदाची बंद व्हावीत म्हणून त्याने तक्ता मांडला आणि मला बोलावून दाखवला. माझी गणिताशी ओळख मॅट्रिकनंतर तुटली. परंतु आकडे इतके स्वच्छ मांडले होते की मराठीच्या प्राध्यापकालाही समजावेत.

पुण्याच्या रकान्यात होते: वाकडला तिघांत घेतलेल्या घराच्या भाड्याचा वाटा १२,००० रुपये, दोन वेळच्या डब्याचे ५,०००, धुणे-भांडी करणाऱ्या बाईंचा वाटा १,२००, गाडीचे पेट्रोल आणि दुरुस्ती २,५००, शनिवार-रविवारचे बाहेरचे खाणे नि सिनेमा ४,५००, आर्णीच्या खेपा महिन्यावर वाटून १,८००, किरकोळ २,०००. एकूण २९,०००. आर्णीच्या रकान्यात: घरखर्चाला आईकडे ६,०००, इंटरनेटच्या दोन जोडण्या (एक बंद पडली तर दुसरी, असे त्याने मला समजावले) १,५००, वीज आणि इन्व्हर्टर १,२००, पेट्रोल ८००, किरकोळ १,५००. एकूण ११,०००. महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,००० रुपयांची बचत. बंगळूरचाही रकाना होता; त्यात घरमालकाला द्यावयाच्या अनामत रकमेचाच आकडा असा होता की तो पाहून दादा म्हणाले, ‘एवढ्यात आपल्या विहिरीचं काम होते.’

आता, कोणते गाव किती महाग, हा प्रश्न सरकारलाही पडलेला असतो. आणि त्याचे सरकारी उत्तर माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापून येते. घरभाडे-भत्त्यासाठी सरकारने साऱ्या देशातील गावांचे तीन वर्ग पाडले आहेत: एक्स, वाय आणि झेड. वस्ती पन्नास लाखांच्या वर असेल ते एक्स. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे. पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत वाय. नागपूर, नाशिक, अमरावती ही त्यातली. उरलेला सारा महाराष्ट्र झेड. सहाव्या वेतन आयोगापूर्वी ए-वन, ए, बी-वन, बी-टू, सी अशी पाच पायऱ्यांची उतरंड होती. ती काढून तीन अक्षरे आणली, आणि आमच्या वाट्याला वर्णमालेतले शेवटचे अक्षर आले. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून एक्स वर्गात मूळ पगाराच्या ३० टक्के, वायमध्ये २० आणि झेडमध्ये १० टक्के असा भत्ता ठरला. म्हणजे सरकारच्या मते आर्णीत छपराला पुण्याच्या एकतृतीयांश किंमत पडते. छपरापुरते म्हणाल तर ह्यात सरकार फारसे चुकत नाही. आमच्या पुतण्याचा तक्ताही तेच सांगतो.

पण गंमत अशी की ह्या एका भत्त्यापलीकडे, आर्णीत राहणे किती स्वस्त हे कोणीच मोजलेले नाही. महागाई-भत्ता ज्या निर्देशांकावरून ठरतो तो देशभरातील ८८ केंद्रांतून काढतात. पुणे, नागपूर ही त्यातली केंद्रे. २०१६ साल हे पायाभूत वर्ष धरून प्रत्येक केंद्राला तेव्हा १०० हाच आकडा दिला आहे. त्यामुळे नागपूरचा आकडा पुण्याच्या पुढे गेला तर नागपूर पुण्याहून महाग झाले असे कोणी समजू नये. २०१६ नंतर नागपुरात भाव अधिक वेगाने चढले एवढाच त्याचा अर्थ. हा निर्देशांक कालच्या गावाची आजच्या गावाशी तुलना करतो; एका गावाची दुसऱ्याशी नव्हे.

तेव्हा ज्याचा त्याने हिशेब करावा हे बरे. मी थोडा करून पाहिला. साबण, बिस्किटे, दंतमंजन ह्यांवर किंमत छापलेली असते आणि ती आर्णीत व बंगळुरात एकच. लॅपटॉप बिघडला तर तो यवतमाळला, नाही तर नागपूरला न्यावा लागतो. यवतमाळ चाळीसएक किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. पेट्रोल आमच्याकडे पुण्याहून बहुधा थोडे महागच असते, कारण ते इथवर आणावयालाही पेट्रोल जळते. भाजी आमच्या आठवडी बाजारात हंगामात मातीमोल. हंगाम सरला की तीच टेंपोतून बाहेरगावाहून येते आणि शहराच्या भावाने विकली जाते. रेल्वे नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्ध्याहून कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण तो मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद असा जावयाचा आहे. आर्णीला तो दुरूनच शिटी ऐकवणार. महामार्ग मात्र गावावरून जातो, आणि पुण्याला निघायचे तर रात्रभराची बस.

म्हणजे स्वस्त काय आहे? जागा, आणि माणसाचे श्रम. न्हाव्याच्या दुकानातली हजामत, शिंप्याची शिलाई, सुताराचा दिवस. वस्तू प्रवास करतात, म्हणून त्यांचा भाव सगळीकडे सारखा होऊ पाहतो. न्हावी आर्णीतून पुण्याची दाढी करू शकत नाही, म्हणून त्याचा भाव आर्णीचाच राहतो. आमच्या पुतण्याला साधले ते न्हाव्याला साधणार नाही: त्याचे श्रम तारेवरून न्यूयॉर्कला जातात.

ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत जॅक निलेस नावाचे एक गृहस्थ होते, उपग्रहांच्या कामातले. लॉस एंजेलिसच्या गर्दीत रोज मोटारी खोळंबतात हे पाहून त्यांनी १९७३ मध्ये मांडले की, माणसाला कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे तारेने न्यावे. ते प्रत्यक्षात यावयाला सत्तेचाळीस वर्षे आणि एक साथ लागली. साथ आली आणि लगोलग मालकांच्याही ध्यानात हिशेब आला. मे २०२० मध्ये फेसबुकच्या प्रमुखांनी जाहीर केले की जे कर्मचारी स्वस्त गावी राहावयास जातील त्यांचा पगार त्या गावाप्रमाणे कमी होईल. पुतण्याला मी हे ऐकवले तेव्हा तो म्हणाला, ‘काका, हे आमच्या मॅनेजरला सांगू नका.’

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे वाटेत एक शब्द भेटला की थांबतो. वाचकांनी सोसून घ्यावे. ‘महाग’ हा ‘महार्घ’पासून आला: मोठे मूल्य असलेले. त्याची जोडी ‘समर्घ’. त्याचे झाले ‘सवंग’. आज मात्र आपण सवंग म्हणतो ते हलक्या विनोदाला आणि उथळ नाटकाला. जे कमी किमतीत मिळते ते कमी प्रतीचे, हा निकाल भाषेनेच देऊन टाकला आहे. आर्णीच्या बाबतीत हा निकाल आम्हांला लग्नाच्या बाजारात ऐकावा लागला.

पुतण्याचे लग्न हा तक्त्यामागचा खरा विषय आहे, हे मी इतका वेळ झाकून ठेवले होते. पोरगा एकोणतीस वर्षांचा. निर्व्यसनी. पगार उत्तम. चार वर्षांत नऊ ठिकाणी बोलणी झाली आणि नऊ ठिकाणी थांबली. आमच्याकडे ‘मुलगा काय करतो?’ ह्या प्रश्नाला ‘घरीच असतो’ असे उत्तर दिले की पुढचे बोलणे चहावर आटोपते. कारण घरी असणे म्हणजे रिकामे असणे. ‘घरून काम करतो’ असे सांगितले तर मुलीचे वडील मान डोलावतात आणि मग बाजूला घेऊन विचारतात, ‘म्हणजे नोकरी गेली का जी?’ एका गृहस्थांनी तर स्पष्ट सांगितले: ‘पगार थोडा कमी चालेल, पण मुलगा पुण्यात पाहिजे.’ तोच पगार पुण्यात खरा, आर्णीत खोटा! दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

दहावे स्थळ दसऱ्यानंतर आले. मुलगी यवतमाळची, नोकरी पुण्याला, तीही संगणकातच. आठवड्यातले तीन दिवस कचेरीत जावे लागते, दोन दिवस घरून. आईवडिलांबरोबर आली होती. कांदेपोहे झाले, यंदाच्या पावसाने सोयाबीनचे काय केले ते झाले. मग वडीलमाणसांनी नेहमीप्रमाणे ‘तुम्ही दोघे बोला’ म्हटले. मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांसमोरच बोलू या. ह्यांनी एक तक्ता केला आहे असे ऐकले. तो पाहता येईल का?’

पुतण्याला बापड्याला आनंद झाला. त्याने लॅपटॉप बैठकीत आणला. मुलीने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. आमच्या विद्यापीठाचे परीक्षक उत्तरपत्रिका वाचतात त्याहून पुष्कळच सावकाश. मग म्हणाली, ‘पुण्याच्या बाजूला डबा आहे, भांडीवाल्या बाई आहेत. आर्णीच्या बाजूला नाहीत.’

‘इथे लागत नाहीत,’ पुतण्या म्हणाला.

‘इथे जेवत नाही का तुम्ही?’

बैठकीत हशा झाला. मीही हसलो. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, असे मला नंतर आठवले.

मुलीने तिथल्या तिथे आकडे मांडले. दोन वेळचे जेवण पुण्याच्या डब्याच्या भावाने ५,०००. ‘चहा किती वेळा?’ ‘पाच वेळा,’ वहिनींनी दारातून सांगितले. कपाला दहा रुपये धरून महिन्याचे १,५००. धुणे-भांडी-केर, पुण्याच्याच दराने, १,२००. एकूण ७,७००. ‘तुम्ही काकूंना ६,००० देता आणि त्यातूनच किराणाही येतो. माडीवरच्या खोलीचे भाडे मी अजून धरले नाही.’

‘ते सगळे धरले तरी महिन्याला सोळा हजार तीनशे वाचतातच,’ पुतण्या म्हणाला. पोरगा गणितात पक्का आहे.

‘वाचतात. तुमचे वाचतात. काकूंचे काय वाचते?’

ह्यावर कोणी काही बोलेना. तेव्हा मुलगी वहिनींकडे वळून म्हणाली, ‘काकू, रात्री ह्यांचे काम किती वाजता संपते?’

इथे वाचकांना एक तपशील सांगितला पाहिजे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे असते: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात. तिकडची सकाळची बैठक इकडे रात्री साडेसातला भरते. तो रविवार उलटला की साडेआठला. पुतण्या खाली उतरतो तो दहाला, हिवाळ्यात अकराला. आणि त्याच्या ताटात गरम भाकरी पडते. म्हणजे अमेरिकेच्या सरकारने घड्याळ फिरवले की आर्णीत वहिनींची झोप तासभर पुढे ढकलली जाते. पाच वर्षे मी हे पाहत आलो. दिवाळीनंतर वहिनी दिवसा पेंगतात एवढेच मला दिसत होते, आणि मी त्याचे खापर फराळाच्या दगदगीवर फोडीत होतो.

वहिनींनी उत्तर दिले ते असे: ‘संपते कवाही. त्याले थंडी भाकर नाई चालत, बेटा.’ त्यात तक्रार नव्हती. थोडासा अभिमानच होता.

मग मुलीने आपलेही विचारून घेतले. तिला वाचनालय हवे होते, ते आहे. दवाखाना आहे, पण अडीअडचणीला यवतमाळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते, हे दादांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुपारी तिची कंपनीची बैठक चालू असताना पाहुणे आले तर काय, असे तिने विचारले. ‘पाहुने आले त चहा कराच लागते न,’ वहिनी म्हणाल्या, आणि लगेच, ‘मी करीन म्हना,’ असेही म्हणाल्या. शेवटचा प्रश्न तिने मला विचारला. ‘सर, रात्री नऊला काम संपले आणि मला वाटले की एकटीने बाहेर जाऊन चहा प्यावा, तर आर्णीत मी कुठे जाऊ?’

मी आर्णीत वाढलो. अरुणावतीला पूर आला की पुलावर जाऊन पाणी पाहणे, बाबा कंबलपोषांच्या यात्रेत मध्यरात्रीपर्यंत भटकणे, बसस्थानकाच्या टपरीवर मित्रांबरोबर अकरा वाजवणे, हे सारे मी केलेले आहे. तेव्हा मी तोंड उघडले. आणि उघडलेले तोंड तसेच राहिले. कारण त्या टपरीवर रात्री नऊला एकटी मुलगी चहा पीत बसलेली मी आजवर पाहिलेली नाही.

‘पुण्यात माझ्या वाट्याचे भाडे १४,००० आहे,’ ती म्हणाली. ‘महाग आहे. पण त्यात हा चहा धरलेला आहे.’

मंडळी गेली. ‘कळवतो’ असे म्हणाली. ते स्थळ अजून ‘कळवतो’वरच आहे, आणि पुतण्याला मात्र ती पसंत आहे. त्याने नागपूरचा रकाना काढला आहे. नागपूर वाय वर्गातले. मिहानमध्ये संगणक-कंपन्या आहेत, २०१९ पासून मेट्रो आहे, भाडे पुण्याहून कमी, आर्णी चार तासांवर. दोघांचा मेळ तिथे बसेल असे त्याला वाटते. बसेलही. पण मुलीने पाडलेल्या नव्या ओळी त्याने पुसल्या नाहीत, हे मी पाहून ठेवले आहे. ‘आई’ अशी एक ओळ आता तक्त्यात आहे आणि तिच्यापुढचा चौकोन रिकामा आहे.

घरून काम करणे ही गोष्ट आपल्या विदर्भाला संगणकाने शिकवली असे ज्यांना वाटते त्यांनी भंडारा-गोंदियाकडे जाऊन यावे. तेंदूची पाने आणि तंबाखू ठेकेदाराकडून घरी आणायची, सुपात घेऊन बसायचे, हजाराच्या हिशेबाने विड्या वळायच्या, आणि त्यातल्या नापसंत विड्या छाट म्हणून कापून उरलेल्यांची मजुरी घ्यायची, हे काम तिकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या दारात बसून करीत आल्या. त्यांच्यासाठी १९६६ साली कायदा झाला आणि त्यात घरी बसून विड्या वळणारीही कामगार धरली गेली. तिला घरभाडे-भत्ता नाही, इन्व्हर्टर नाही. पण निदान तिच्या कामाला दर हजारी एक आकडा होता. आमच्या वहिनींच्या भाकरीला तोही नाही. ‘घरून काम’ आणि ‘घरकाम’ हे दोन शब्द मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून वर्गात विचारले, फरक काय? मागच्या बाकावरच्या एका मुलीने सांगितले, ‘पगाराचा, सर.’ तिला मी व्याकरणात पुरे गुण दिले.

आणि ह्या साऱ्यात माझे काय, असे चाणाक्ष वाचक विचारतील. विचारा. आमची चूल एक आहे. आमच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात; सकाळी निघतात, संध्याकाळी येऊन हातभार लावतात. बाकी वीस वर्षे मी वहिनींच्या हातचे जेवतो आहे आणि मित्रांना पत्रांतून लिहितो आहे की आर्णीत राहणे फार स्वस्त पडते. झेड वर्गाच्या भत्त्यात माझे इतके उत्तम भागते, ह्याबद्दल मी सरकारला मनातल्या मनात धन्यवादही दिलेले आहेत.

मुलगी येऊन गेली त्या रात्री पुतण्या साडेदहाला खाली आला. वहिनींनी भाकरी टाकली, आणि तो जेवत असता म्हणाल्या, ‘त्या कागदावर माहीबी एक ओळ हाय म्हनते.’

‘आहे. काय लिहू?’

वहिनी बराच वेळ तव्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता त्या म्हणतील, आईच्या मायेचा का हिशेब करायचा असतो! आमच्या चित्रपटांतल्या आया तसेच म्हणतात. वहिनी म्हणाल्या, ‘मी पुनं चार दिवसांच्या वर पाह्यलं नाई. तेबी लग्नात. मले महिनाभर ने. तूबी तिथूनच काम कर. तुही ती पोरगी कुठी चहा पेते ते पाहू दे मले. मंग सांगीन.’

पुतण्याने रात्रीतच मित्राला विचारले. मित्राच्या घरी एक खोली महिनाभर रिकामी आहे. ८,००० रुपये ठरले, डबा वेगळा. वहिनींनी डब्याला हरकत घेतली नाही, उलट त्यात रोज काय काय येते ते खोदून खोदून विचारले. भाऊबिजेनंतर निघायचे ठरले. तिकिटाच्या रकान्यात पुतण्याने रात्रीच्या आरामगाडीचे दिवाळीतले भाडे लिहिले होते. ते वहिनींनी खोडून टाकावयास लावले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, हे त्या तक्ता करणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि त्यांना होते.

फराळाची वही मिटून वहिनी आता पिशवी भरीत आहेत. दादांनी हे सारे मुकाट्याने ऐकून घेतले होते. काल संध्याकाळी ते अंगणात माझ्याजवळ येऊन बसले, इकडचे तिकडचे बोलले, कापसाचा भाव काढला. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काऊन रे, आपल्या आर्णीत खानावळीचा महिन्याचा दर काय हाय?’

मला सांगता आला नाही. सौभाग्यवती ओट्यावर वह्या तपाशीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.